कंपनीच्या लीजवरील गाडीला पार्किंगचा दंड झाला तर

लीजच्या गाडीची नोंदणी बहुधा लीज कंपनीच्या नावावर असते. त्यामुळे दंडाची नोटीस आधी तिच्याकडे जाते, मग तुमच्या ऑफिसात, आणि शेवटी तुमच्या टेबलावर. तोवर लवकर भरल्यास मिळणारी सवलत असलीच तर तिची मुदत बऱ्याचदा उलटून गेलेली असते. म्हणून काचेवर चिठ्ठी दिसली की त्याच दिवशी फोटो काढून गाड्यांचं काम बघणाऱ्या माणसाला मेल टाका. लपवून उपयोग नाही, नोटीस फिरून येणारच.

खरी मेख करारात असते. काही लीज कंपन्या न विचारता दंड भरून टाकतात आणि वर स्वतःचं प्रक्रिया शुल्क लावतात. काही फक्त चालकाचं नाव कळवतात. दंड चुकीचा वाटत असेल तर हा फरक महत्त्वाचा, कारण एकदा पैसे भरले की दाद मागणं बहुतेक ठिकाणी अवघड होतं. ‘हरकत घेणार आहे, भरू नका’ हे लगेच लेखी कळवा. पार्किंगची पावती आणि तिथल्या पाटीचा फोटो जपून ठेवा.

पगारातून रक्कम कापली गेली, तर मूळ नोटिशीची प्रत मागा आणि तारीख, वेळ ताडून बघा. गाडी सहकारीही वापरत असतील तर हे कराच.