केबलचा चर बुजवण्याआधी

महावितरणच्या खांबापासून बंगल्यापर्यंत केबल जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड (म्हणजे आवरणात धातूचं कवच असलेली) केबलच घ्या. चर किमान 75 सेंटीमीटर खोल हवा, गाड्या जातात तिथे 1 मीटर. मजूर दोन फुटांवर हात टेकतात, म्हणून टेप स्वतः लावून बघा.

नाशिकच्या काळ्या मातीत तर हे बघाच. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यातले दगडगोटे केबलच्या आवरणाला घासतात. त्यामुळे केबलच्या खाली-वर चाळलेली वाळू, त्यावर आडव्या विटा, मग माती. वरच्या थरात इशारापट्टी टाका. केबल ताठ ओढू नका, जरा नागमोडी राहू द्या. मीटरपाशी एक वळसा जास्तीचा ठेवलात तर पुढे जोड मारायची वेळ आली की तोच कामी येतो.

बुजवण्याआधी वायरमनकडून मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. कंपाउंडच्या भिंतीपासूनचं अंतर टेपसकट दिसेल असे फोटोही काढा. नळवाला खणायला आला की तेच दाखवायचे.

रस्ता फोडायचा तर आधी महापालिकेची परवानगी. आणि खांबावरची जोडणी महावितरणचीच माणसं करतात, तिथे आपला ‘हुशार’ वायरमन चढवू नका.