दिवस गेलेत कळलं, आता पहिले काही आठवडे
टेस्ट पॉझिटिव्ह आली की आधी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा, आठवडे तिथूनच मोजतात, म्हणजे पाळी चुकते तेव्हाच साधारण ४ आठवडे झालेले असतात. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत, डॉक्टरांनी वेगळा डोस दिला नसेल तर.

मळमळ ६व्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि ती फक्त सकाळीच होते असं नाही हं, संध्याकाळीही होते. उशाशी कोरडी बिस्किटं ठेवा, जाग आली की बसून एक-दोन खा मग सावकाश उठा, बऱ्याच जणींना फरक पडतो. पाणीही पोटात टिकत नसेल तर अंगावर काढू नका.

झोप येईल, झोपा.

हलका डाग दिसला तरी डॉक्टरांना फोन करा, पण पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खूप ब्लीडिंग झालं किंवा चक्कर आली तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.