पावसाळी पहाटे लेन्सवर वाफ धरते? हे करा

जुलैत बेडकांच्या अभ्यासकांसोबत गोरेवाड्याकडे शूटिंगला निघालं, की एसीतला गार कॅमेरा दमट हवेत येताच काचेवर वाफ धरते. नेमकी तीच वेळ बेडूक ओरडण्याची!

१. रात्री झोपण्याआधी कॅमेरा आणि लेन्स झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा.
२. निघायच्या अर्धा तास आधी पिशवी बंदच ठेवून गॅलरीत आणा. दव पिशवीवर बाहेरून जमतं, काच कोरडी राहते.
३. पिशवीला हात लावून बघा. गार लागत नसेल तरच उघडा.

एसी नसलेल्या खोलीत कॅमेरा ठेवता आला तर त्याहून उत्तम, एवढी खटपटच नको.

वाफ धरलीच तर लेन्स तिथे काढू नका, दमट हवा आत सेन्सरपर्यंत जाते.