बाळंतपणानंतर खालच्या भागाची काळजी: टाके, आग आणि नंतरचा कोरडेपणा

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, दूध पुरतंय का, यावर घरात सगळे बोलतात, पण खाली टाके किती दुखतायत हे कोणी विचारत नाही आणि आपणही लाजून सांगत नाही. तर तेच इथे सरळ लिहितेय. बहुतेक कामं साध्या पाण्याने होतात, मेडिकलमधल्या बाटल्यांची गरज फार कमी पडते.

१. पहिले एक-दोन दिवस बर्फ
सूज आणि ठणका असेल तर बर्फ स्वच्छ कपड्यात गुंडाळून १० मिनिटं ठेवायचा, थेट कातडीला लावायचा नाही. थंड लावलं की वात होतो असं घरात कोणीतरी म्हणणारच, पण सूज उतरायला याचाच उपयोग होतो. दुखणं सहन करत बसू नका, पॅरासिटामॉल अंगावर पाजतानाही चालतं, डोस डॉक्टरांना विचारून घ्या.

२. लघवी झाली की पाणी ओता
एक छोटी बाटली किंवा मग कमोडजवळच ठेवा. लघवी करता करताच कोमट पाणी वरून सोडलं तर टाक्यांना आग कमी होते, मग मऊ सुती कपड्याने टिपून घ्या, घासायचं अजिबात नाही. शी झाल्यावर पुढून मागे धुवा, उलट नाही, नाहीतर तिथले जंतू टाक्यांपर्यंत आणि लघवीच्या जागेपर्यंत येतात.

३. टबमध्ये बसणं
कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब मेडिकलमध्ये मिळतो. कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा बसा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पाण्यात डेटॉल, सॅव्हलॉन टाकू नका, त्याने कातडी अजून चुरचुरते. खाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी घेतात ना, ती टाके असताना नकोच, भाजायची भीती असतेच आणि बंद खोलीतला तो धूर बाळही ओढतं. आईला किंवा सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांचं नाव पुढे करा, त्यावर सहसा कोणी वाद घालत नाही :)

४. पॅड आणि कपडे
अंगावरून जाणं साधारण चार ते सहा आठवडे चालतं, आधी लाल, मग तपकिरी-गुलाबी, मग पिवळट पांढरं, सिझर झालेलं असलं तरी हे होतंच. बाळ ओढायला लागलं की गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून पाजताना पोटात कळ येते आणि जास्त जातंय असंही वाटतं, तेवढ्याने घाबरू नका. पॅड तीन-चार तासांनी बदला, सुवासिक नको, पाळीत योनीच्या आत ठेवायचे टॅम्पॉन आणि कप सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत बाजूला. चड्डी सुती आणि सैल.

५. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका
टाक्यांच्या भीतीने शी दाबून धरली की दुसऱ्या दिवशी दुप्पट त्रास. पाजताना तहानही जास्त लागते, तर पाण्याची बाटली हाताशी ठेवा. भाजी, फळं असू द्या, सवा महिना नुसता तूप-भात खाऊन पोट साफ होणार नाही. शी मऊ करणारं औषध लागलं तर डॉक्टर देतात.

६. साबण, वॉश, गोरं करणारी क्रीम
योनी आतून स्वतःच साफ होते, आत पाणी मारायचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. साबण अल्कधर्मी असतो आणि योनीतलं वातावरण आम्लीय, त्यामुळे रोज साबण लावला की खाज, कोरडेपणा वाढतो. गरोदरपणात तिथला रंग गडद होतो तो हार्मोनमुळे, हळूहळू बराचसा उतरतो, त्यासाठी गोरं करणारी क्रीम नाजूक कातडीवर लावणं म्हणजे पैसे देऊन आग विकत घेणं. टाल्कम पावडरही नको.

डॉक्टरांना लगेच कधी? ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, घाण वास, टाक्यातून पू, टाके उसवल्यासारखे वाटणं, लघवीला फार जळजळ, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं. तासाभरात एक पूर्ण पॅड भिजत असेल तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल.

७. टाके भरले तरी आग होते ती वेगळीच
हे कोणी सांगतच नाही. पाजताना प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) जास्त असतं आणि इस्ट्रोजेन (योनीचा ओलावा टिकवणारं हार्मोन) कमी, त्यामुळे योनीची कातडी पातळ आणि कोरडी होते, पाळी गेल्यावर होते तशी. संबंध ठेवताना दुखतं, कधी नुसतं चालतानाही चुरचुरतं, आणि बाई उगाच आपल्यातच काहीतरी बिघडलंय समजून बसते. बिघडलं काही नसतं, बाळ वरचं खायला लागून पाजणं कमी झालं की हळूहळू सुधारतं. तोवर योनीसाठीचं मॉइश्चरायझर, संबंधावेळी पाण्याचं बेस असलेलं ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारं जेल. त्यानेही भागत नसेल तर गायनॅक कमी डोसची इस्ट्रोजेन क्रीम देतात, पण स्वतःच्या मनाने आणून लावू नका. पांढरं दह्यासारखं जातंय आणि खूप खाज आहे तर ते बुरशीचं असू शकतं, त्याची क्रीम वेगळी, दाखवून घ्या.

खोबरेल तेल वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा, तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, आणि पाळी अजून आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नसतं.