टूमस्टोनची जुनी छायाचित्रे कशी वाचावीत

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात एड शिफेलिन या खनिजशोधकाला १८७७ मध्ये चांदी सापडली आणि दोन वर्षांत तेथे टूमस्टोन हे गाव वसले. या गावाची छायाचित्रे पाहताना नजर आधी बंदूकधारी पुरुषांकडे जाते. ती तेथून हटवून इमारतींकडे, कामाकडे आणि पाण्याकडे वळवावी, कारण गावाचे खरे जगणे तेथे आहे.

प्रथम लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संग्रहाच्या संकेतस्थळावरून उपलब्ध असलेली सर्वांत मोठी फाइल उतरवून घ्यावी. लहान प्रतीत दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत. छायाचित्राखाली छापलेल्या तारखेवर विसंबू नये; ती पुष्कळदा नंतर कोणीतरी लिहिलेली असते. त्याऐवजी इमारती ओळखाव्यात. शिफेलिन हॉल १८८१ चा, तर कोचीस काउंटीचे विटांचे न्यायालय १८८२ चे; यांपैकी जी इमारत दिसत असेल, तिच्या आधीचे ते छायाचित्र असू शकत नाही. जून १८८१ आणि मे १८८२ च्या आगींत व्यापारी पेठेचा मोठा भाग जळाला, म्हणून एकाच रस्त्याच्या दोन छायाचित्रांतील दुकाने जुळत नसतील तर आधी या आगींचा विचार करावा.

त्यानंतर चौकटीत काय नाही, ते पाहावे. खनिज कुटणाऱ्या बहुतेक गिरण्या गावात दिसत नाहीत, कारण त्यांना भरपूर पाणी लागे आणि ते काही मैलांवरच्या सान पेद्रो नदीकाठी होते. खनिज गाड्यांतून तेथे नेत. उलट खाणी खोल गेल्या तेव्हा भूजल आत शिरू लागले. त्यामुळे पंपघरांची छायाचित्रे रटाळ वाटली तरी वगळू नयेत. पाणी उपसण्यावरच पुढे या गावाचे भवितव्य ठरले, आणि १८८६ मध्ये ग्रँड सेंट्रल खाणीचे पंप जळाल्यावर गावाला उतरती कळा लागली.

कोरे पांढरे आकाश पाहून हवामानाचा निष्कर्ष काढू नये. त्या काळी छायाचित्र ज्यांवर घेत त्या काचपट्ट्या निळ्या रंगाला फार संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असल्याने आकाश पांढरे, तर तांबडी माती प्रत्यक्षाहून काळी दिसते. रस्त्यावरचा धूसर डाग हा बहुधा चालता माणूस किंवा घोडा असतो.

छायाचित्रकाराचे नाव नोंदवताना विशेष काळजी घ्यावी. कायद्याचे अधिकारी आणि गुराख्यांची टोळी यांच्यात १८८१ मध्ये झालेल्या ओ. के. कोरालच्या प्रसिद्ध गोळीबाराची जागा गावातील छायाचित्रकार कॅमिलस फ्लाय यांच्या स्टुडिओला लागूनच होती, तरी त्या क्षणाचे एकही छायाचित्र ज्ञात नाही. तसा दावा करणारे चित्र बाजूला ठेवावे. १८८६ मध्ये फ्लाय यांनी अपाची नेता जेरोनिमो आणि त्याच्या साथीदारांची छायाचित्रे शरणागतीपूर्वी काढली. फ्लाय यांची पत्नी मॉली याही छायाचित्रकार होत्या. पती बाहेरगावी असताना आणि १९०१ मध्ये ते वारल्यानंतरही स्टुडिओ त्यांनीच चालवला. म्हणून छायाचित्र चिकटवलेल्या कार्डावर केवळ ‘फ्लाय’ असे छापलेले असेल आणि दुसरा पुरावा नसेल, तर नोंदीत ‘फ्लाय स्टुडिओ’ एवढेच लिहावे.