चिखलाचे सहा महिने: मिल्टन कीन्सला नव्याने आलेल्यांसाठी पायपुसण्याविषयी

इंग्लंडमधल्या या आमच्या गावात नव्याने आलेली मंडळी मला शाळेचं विचारतात, जीपीचं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचं विचारतात, तूरडाळ कुठे चांगली मिळते ते तर पहिल्या फोनवरच विचारतात. दारात काय टाकायचं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि दर जानेवारीत कुणाच्या तरी हॉलवेतल्या फिकट कार्पेटवर दारापासून जिन्यापर्यंत तपकिरी पट्टा उमटलेला असतोच. म्हणून बाकीचं एका ओळीत उरकते: जीपीकडे नाव पहिल्या आठवड्यात नोंदवा, कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं पाकीट फोडून वाचा, डाळ कुठेही मिळते.

इथे आपल्यापेक्षा फार पाऊस पडतो, असा सगळ्यांचा समज असतो. तो खोटा आहे. मिल्टन कीन्सच्या भागात वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे पुण्याच्या तोडीचा, थोडा कमीच. पण पुण्यात तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि नंतर कडक ऊन पडतं. इथे बाराही महिने थोडा थोडा रिपरिपतो, आणि ऑक्टोबर ते मार्च जमीन वाळतच नाही. त्यातून खालची माती बरीचशी ऑक्सफर्ड क्ले, म्हणजे चिकणमाती. ब्लेचलीच्या आणि शेजारच्या बेडफर्डशायरच्या वीटभट्ट्या याच मातीवर चालल्या. बुटाच्या खाचांत ती एकदा बसली की चमच्याच्या दांड्यानेच निघते. तुम्ही नवीन वसाहतीत घर घेतलं असेल तर आणखी मजा: घरं आधी होतात, फुटपाथ आणि हिरवळ सावकाश होतात, तोवर दारापुढे उघडी माती. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे पोरं शाळेतून येतात तेव्हा बुटाला काय लागलंय ते घरात आल्यावरच कळतं. दाराबाहेर सेन्सरचा दिवा लावून घ्या. अर्धा चिखल दिसला म्हणूनच बाहेर राहतो.

चपला दाराबाहेर काढायची आपली पद्धत इथे चालत नाही. मी सगळ्यांना सांगते, तरी प्रत्येक जण करून बघतोच. बाहेर ठेवलेले बूट सकाळी ओलेगार असतात, आणि बरेचदा एकच असतो, कारण दुसरा कोल्ह्याने नेलेला असतो. थट्टा नाही, इथले कोल्हे खरोखर बूट पळवतात, चामड्याचे विशेष आवडीने. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सामाईक पॅसेजमध्ये चपलांचं स्टँडच काय, पायपुसणंसुद्धा ठेवू देत नाहीत. आग लागली तर वाट मोकळी हवी, आणि २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागल्यापासून इमारतींचे व्यवस्थापक याबाबत फार कडक झालेत. पत्र येतं, मग माणूस येऊन सामान उचलून नेतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं बरोबर आहे.

शिवाय सगळे जण बूट काढतातच असं नाही. बॉयलर दुरुस्त करायला येणारा माणूस ‘कामाच्या नियमात बसत नाही’ म्हणून बूट काढत नाही. एखादा बुटावर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवतो, एखादा नुसताच हसतो. इंग्रज शेजारी आले तर ते दारात पाय मात्र मनापासून पुसतात, चार-पाच वेळा, लहानपणापासूनची सवय असल्यासारखे. पुसायला जागाच नसेल तर त्यांचा काय दोष?

जागा म्हणजे किती? इथेच सगळे चुकतात. दुकानात पुढेच रचलेलं असतं ते ४० बाय ६० सेंटिमीटरचं. ते शोभेला असतं. त्यावर माणूस एक पाय ठेवतो आणि दुसरा थेट कार्पेटवर टाकतो. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण ७० ते ७५ सेंटिमीटरवर पडतं. दोन्ही पाय निदान एकेकदा पुसण्यावर पडायचे तर त्याची लांबी १२० पाहिजे, १५० असेल तर उत्तम. रुंदी हॉलवेच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, कारण पोरं नेमकी कडेने धावतात. एवढं मोठं तयार मिळालं नाही तर कार्पेटच्या दुकानात जा. तिथे काथ्याचं मॅटिंग रोलवरून हव्या त्या मापात कापून देतात. ‘एवढासा हॉलवे, त्यात एवढं मोठं पायपुसणं बरं दिसत नाही,’ असं आपल्याकडच्या बायका हमखास म्हणतात. तो तपकिरी पट्टा बरा दिसतो का, ते विचारा.

जाडी बघायची ती दारासाठी. इथली दारं आत उघडतात आणि जाड काथ्यावर अडकतात. मग पोरं पायपुसणं लाथेने कोपऱ्यात ढकलतात आणि ते तिथेच राहतं. दुकानात जाण्याआधी एक पाउंडची नाणी घ्या. एक नाणं २.८ मिलिमीटर जाडीचं असतं. दाराच्या खालच्या फटीत सात नाण्यांची चवड न अडकता सरकली तर १७ मिलिमीटरचं काथ्याचं पायपुसणं खुशाल घ्या. तीन-चारच जात असतील तर काथ्या दाराबाहेर छपराखाली आणि आत पातळ सुती. जुन्या घरात दाराला लागून जमिनीत चौकोनी खळगा असेल तर तो याचसाठी आहे. त्यात चपलांचा ढीग करू नका, मापाचा काथ्या कापून बसवा.

आता प्रकार. एकाच पायपुसण्याने दोन कामं होत नाहीत. चिखल खरवडायचा असतो आणि पाणी टिपायचं असतं. बाहेर रबराचं जाळीदार मॅट, ज्याच्या भोकांतून माती खाली पडते. महिन्यातून एकदा उचलून खाली झाडायचं, की झालं. काथ्या खरवडतो छान, पण कायम ओला राहिला तर कुजतो, म्हणून तो छपराखाली किंवा दाराच्या आत. तळहात त्यावर उलटसुलट फिरवून बघा: टोचला पाहिजे. मऊ लागला तर तो काही खरवडणार नाही. पहिले काही आठवडे त्यातून भुसा गळतो, घाबरू नका. आणि उलटून लेबल बघितलंत तर बरेचदा भारतच निघेल. केरळातल्या आलप्पुळाचा काथ्या दीडशेहून जास्त वर्षं जगभराच्या दारांत पडतोय. टिपायला सुती, दाट लवेचं. ते धुवायला सॉफ्टनर वापरू नका, नाहीतर ते पाणी ओढेनासं होतं. घरच्या मशीनमध्ये १२० बाय ७५ चं ओलं सुती पुसणं कोंबू नका, ड्रम दाणदाण आपटतो. पेट्रोल पंपांवर आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये १८ किलोची मशीनं असतात, तिथे न्या.

वर काय आहे हे सगळे बघतात. पायपुसण्याच्या पोटाला काय आहे आणि ते कशावर टाकणार, हे कुणीच बघत नाही. आणि पैसे तिथेच जातात.

तुमच्या हॉलवेत व्हायनिल असेल, म्हणजे लाकडासारखं किंवा फरशीसारखं दिसणारं मऊसर प्लॅस्टिकचं फ्लोअरिंग, तर त्यावर रबराच्या पाठीचं पायपुसणं टाकू नका. रबरातली रसायनं व्हायनिलमध्ये उतरतात आणि खाली पिवळा डाग पडतो. तो डाग वरचा नसतो. ब्लीच लावा, लिंबू लावा, घासून हात दुखवा, जात नाही, कारण रंग आतून बदललेला असतो. आमच्याच रस्त्यावर नाशिकहून आलेलं एक कुटुंब भाड्याने राहत होतं. अगदी टापटीप माणसं. घर सोडताना त्यांनी सगळं लखलखीत केलं आणि शेवटच्या सकाळी पायपुसणं उचललं, तर खाली त्याच मापाचा हळदीसारखा पिवळा चौकोन. हॉलवेपासून स्वयंपाकघरापर्यंत अखंड व्हायनिल होतं, एजंटने सगळंच बदलायचा खर्च मागितला. पायपुसण्याच्या किमतीच्या कितीतरी पट.

त्यांनी निदान पुढे लढा दिला. इंग्लंडमध्ये डिपॉझिट मिळाल्यापासून ३० दिवसांत घरमालकाला ते सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, आणि वाद झाला तर त्या योजनेकडे फुकट दाद मागता येते. जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू तुमच्या पैशाने घ्यायचा मालकाला हक्क नाही. फ्लोअरिंगचं वय धरून रक्कम कमी करतात. तसंच, १ जून २०१९ नंतरच्या भाडेकरारात ‘व्यावसायिक सफाईचे पैसे भरा’ अशी अट लावता येत नाही. घर मिळालं तेवढं स्वच्छ परत दिलं की पुरे. म्हणून राहायला याल त्या दिवशी दारातल्या जमिनीचे फोटो काढून एजंटला ईमेल करा. आपले लोक ओट्याचे आणि बाथरूमचे ढीगभर फोटो काढतात, दारातल्या जमिनीचा एकही नाही.

तर व्हायनिलवर रबर नको. पाकिटावर व्हायनिलसाठी सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, नाहीतर विणलेल्या पाठीचं घ्या आणि आठवड्यातून एकदा उचलून खाली बघा. लॅमिनेटवर डाग पडत नाही, पण ओलं पुसणं पडून राहिलं तर सांध्यांत पाणी शिरून कडा फुगतात, म्हणून रात्री ते रेडिएटरजवळ उभं करा. कार्पेटवर गुळगुळीत पाठीचं पुसणं सरकतं आणि त्याची घडी पडते, घरात आजी-आजोबा आले असतील तर पडायची भीती. तिथे पाठीला रबराचे बारके खिळे असलेलं हवं. टाइल्स असतील तर तुम्ही नशीबवान, काहीही टाका.

एवढं करूनही कार्पेटवर चिखल पडलाच तर फडकं ओलं करून धावू नका. आपला हात आपोआप तिकडे जातो, शहाबादी फरशीवर वाढलेले आपण. ओलं पुसलं की माती धाग्यांच्या मुळाशी जाते. रात्रभर वाळू द्या, सकाळी ब्रशने मोकळी करा, मग व्हॅक्यूम, आणि राहिलेल्या डागाला तेवढं ओलं फडकं.

स्वस्तिकाचं, गणपतीचं किंवा ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं पायपुसणं कुणी भेट दिलं तर ते भिंतीवर लावा, नाहीतर कपाटात ठेवा. देवावर पाय ठेवायचे नाहीत, आणि अक्षरं रंगवलेला काथ्या खरवडतही नाही. गणपतीत दहा-पंधरा माणसं एकदम येणार असतील तर दाराशी स्टूल ठेवा, म्हणजे भिंतीला हात न टेकता बूट काढता येतात, आणि बाजूला प्लॅस्टिकचा खोल ट्रे. ट्रे गार्डन सेंटरमधून घ्या, कुंड्यांखाली ठेवायचा असतो तोच. बुटांचा म्हणून विकतात तो उगाच महाग असतो.