इंग्रजी आडनावाचा अर्थ कसा शोधावा: आधी गाव, मग अर्थ

आडनाव टाकताच ढाल-सिंहाचे 'घराण्याचे चिन्ह' विकायला काढणारे संकेतस्थळ आधी बंद करा. इंग्लंडमध्ये असे चिन्ह आडनावाला मिळत नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते. ते देणारे लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून आहे.

१. प्रकार ठरवा. वडिलांचे नाव (जॉन्सन), धंदा (टेलर), जागा (हिल, सटन) किंवा टोपणनाव (लाँग). वेल्श नावे तेवढी चकवतात: पॉवेल म्हणजे 'अप हॉवेल', हॉवेलचा मुलगा. प्राइस म्हणजे रीसचा मुलगा. किमतीशी त्याचा संबंध नाही.

२. ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेत ते आडनाव कुठे दाट होते ते पाहा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर तिची सूची मोफत आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात मोजा, नाहीतर प्रत्येक नाव लंडनचे नाहीतर लँकेशायरचे वाटेल.

३. आता जुने रूप शोधा. लोक इथेच कंटाळतात आणि शब्दकोश उघडून बसतात. तो उघडू नका. आजच्या इंग्रजीतला अर्थ आडनावाला लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कॉवर्ड हा भित्रा नव्हे, गाई राखणारा. फार्मर बहुधा शेतकरी नव्हे, ठरावीक रक्कम भरून महसूल वसुलीचा मक्ता घेणारा. किंग आणि बिशप यांच्या पूर्वजांत राजा किंवा बिशप शोधू नका. तोरा मिरवणाऱ्याला, उत्सवात ते सोंग घेणाऱ्याला किंवा त्यांच्या पदरी काम करणाऱ्यालाही ही नावे पडत.

चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, पण सुरुवातीच्या बऱ्याच हरवल्या आहेत. त्यामागे जायचे तर १३७७ ते १३८१ या काळातल्या डोईपट्टीच्या याद्या. स्पेलिंग जुळले नाही म्हणून नोंद सोडू नका. शेक्सपिअरच्या उरलेल्या सहा सह्यांतही स्पेलिंग एकसारखे नाही. नाव मोठ्याने उच्चारा आणि कानाला जे जुळेल ते सगळे टिपा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून नोंदवहीतला फेब्रुवारी १६९९ म्हणजे आपल्या हिशेबाने १७००. हे विसरलात तर लग्नाआधीच बारसे झालेले दिसेल.

जुने रूप आणि प्रदेश हातात आले की अर्थ आपोआप बसतो. वॉकर, फुलर, टकर हे तिघेही एकाच धंद्यातले: लोकरी कापड ओले करून तुडवून घट्ट करणारे. फरक प्रदेशाचा. वॉकर उत्तरेत आणि पश्चिम मिडलँड्समध्ये, फुलर आग्नेयेला, टकर नैर्ऋत्येला, डेव्हनकडे. म्हणून डेव्हनमधला टकर यॉर्कशायरच्या वॉकरचा भाऊबंद ठरत नाही. आपल्याकडचे सगळे कुलकर्णी तरी कुठे एका घरातले असतात?

४. गावाचे नाव असेल तर त्या नावाची सगळी गावे नकाशावर मांडा. न्यूटन आणि सटन ढिगाने सापडतील. शोध गावाच्या आत नको, आसपासच्या परगण्यात घ्या. सातारकर हे नाव साताऱ्यात कोणी कोणाला ठेवत नाही, गाव सोडल्यावरच ते चिकटते, तिकडेही तेच. नावाच्या शेवटी -बी किंवा -थ्वेट असेल तर आधी यॉर्कशायर, लिंकनशायर, कंब्रिया अशा नॉर्स (व्हायकिंग) वसाहतीच्या उत्तर आणि पूर्व पट्ट्यांत पाहा.

५. दोन अर्थ उरलेच तर दोन्ही लिहून ठेवा, प्रत्येकापुढे सर्वांत जुन्या नोंदीचे साल आणि परगणा घाला.